समईशेजारची खिडकी

डॉ. हेमांगी वळसंगकर यांचा एक नेम होता. दिवेलागणीला समई लावायची, पोथी उघडायची आणि एक अध्याय मोठ्याने वाचायचा. मनातल्या मनात नाही, मोठ्याने. पोथी आपल्यासाठी वाचायची नसते, ऐकणाऱ्यासाठी वाचायची असते, असं त्यांचे वडील सांगत. सोळाव्या वर्षी धरलेला हा नेम पंचावन्नावं उलटलं तरी चालू होता. परदेशातल्या परिषदांना जाताना पोथी हातातल्या पिशवीत असे आणि समईच्या जागी बॅटरीवरचा दिवा. लग्न त्यांनी केलं नाही. ऐकणारं कोणी नसे, तरी आवाज तेवढाच.

हा नेम एका गुरुवारी मोडला, आणि मोडला तो त्यांनीच बनवलेल्या यंत्रामुळे.

यंत्राचं नाव मागोवा. मिरजेजवळच्या एका क्षय संशोधन संस्थेत बावीस वर्षं घालवून हेमांगीताईंनी ते उभं केलं होतं. त्यामागचा विचार तसा साधा होता. क्षयाचे जंतू अंगात शिरले की दर वेळी माणूस आजारी पडतो असं नाही. शरीराच्या रक्षक पेशी जंतूंभोवती जमतात, त्यांना चारी बाजूंनी कोंडून भिंत बांधतात, आणि जंतू त्या भिंतीआड वर्षानुवर्षं पडून राहतात. धडधाकट हिंडणाऱ्या कितीतरी माणसांच्या छातीत अशी भिंत असते आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. आता जंतूच हाती लागत नसेल, तर तो कुठून आला हे ओळखायचं कसं? हेमांगीताईंनी जंतूचा नाद सोडला आणि पहारेकऱ्याला विचारायचं ठरवलं. रक्तात काही पेशी अशा असतात की एकदा पाहिलेल्या शत्रूचं अंगप्रत्यंग त्या विसरत नाहीत. त्यांच्यापुढे जंतूचे हजारो तुकडे एकेक करून धरायचे आणि कोणत्या तुकड्याला त्या दचकतात ते टिपायचं. मागोवा हे काम दोन दिवसांत करत असे.

पुढचं त्या विद्यार्थ्यांना पोथीवरून समजावत. छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हाताने उतरवून घेत. उतरवणाऱ्याची कुठेतरी चूक व्हायची, एखादा शब्द गळायचा. पुढचा माणूस ती चूक इमानाने तशीच उतरवायचा आणि आपली एखादी भर घालायचा. दोन पोथ्या शेजारी ठेवा. दुसरीत पहिलीच्या सगळ्या चुका आहेत आणि वर आणखी दोन आहेत, असं दिसलं की दुसरी पहिलीवरून उतरली हे कोणीही सांगेल. जंतूही असाच चुकत चुकत स्वतःची नक्कल काढत असतो. मागोवा त्या चुका मोजायचा आणि अहवालाच्या शेवटच्या ओळीत लिहायचा, की हा जंतू कोणाकडून आला.

त्या शेवटच्या ओळीसाठीच सगळा खटाटोप होता. कोण कोणाला देतो हे कळलं की साखळी तोडता येते. तीन तालुक्यांत चाचणी सुरू झाली आणि पहिल्या सहा महिन्यांत एक बंदिस्त शिकवणीचा वर्ग आणि विड्या वळायची एक शेड सापडली. दोन्हीकडे खिडक्या पाडल्या, औषधं दिली, लागण थांबली. आता सोमवारी दिल्लीत समितीची बैठक होती आणि मागोवा देशभर न्यायचा की नाही ते तिथे ठरणार होतं.

पण मधल्या काळात एक बाई येऊन गेली होती. तिशीची, पदराच्या टोकाशी चाळा करणारी. तिने घडी घातलेला अहवाल टेबलावर ठेवला.

“मॅडम, ह्यातली खालची ओळ तेवढी वाचून दाखवा.”

हेमांगीताईंनी वाचून दाखवली. घरातल्या धाकट्या दिराला झालेली लागण हिच्याकडून झाली होती.

“म्हणजे खरंच आहे,” ती म्हणाली. “मला वाटलं सासूबाई मनचं वाचतात.”

“अहो, हा काही गुन्हा नाही. मुद्दाम कोणी देतं का?”

“गुन्हा नाही तर लिहिलं कशाला?”

बाई कागद पदरात बांधून निघून गेली. आठवडाभराने आरोग्यसेविकेकडून कळलं की तिला माहेरी धाडलंय.

त्यानंतर आला तो गुरुवार.

संस्थेत हेमांगीताईंची एक रीत होती. कोणतीही नवी चाचणी असो, रुग्णाचं रक्त घेण्याआधी प्रयोगशाळेतल्या माणसांनी आपलं द्यायचं. ‘आधी आपला दंड पुढे करा,’ असं त्या म्हणत. त्यामुळे मागोव्याच्या साठ्यात पहिले बारा नमुने घरचेच होते आणि नमुना सात हेमांगीताईंचा होता. त्यांच्या उजव्या फुफ्फुसाच्या टोकाला एक जुना डाग होता. वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला क्ष-किरण तपासणीत तो दिसला, तेव्हाच त्यांनी क्षयावर काम करायचं ठरवलं होतं.

डॉ. रेहाना मुजावर दुपारी दार लोटून आत आल्या. पंधरा वर्षं हाताखाली काम केलेल्या, बोलायला मोकळ्या. आज मात्र खुर्ची ओढून त्यांनी हातातला कागद टेबलावर पालथा ठेवला.

“काय झालं रेहाना? यंत्र बिघडलं?”

“यंत्र ठीक आहे, मॅडम. जत तालुक्यातले नमुने काल जोडले. त्यात तुमच्याकडून गेलेला एक निघालाय.”

“माझ्याकडून?”

“तुमच्या जंतूत चुकांच्या नऊ खुणा आहेत. त्यांच्यात तुमच्या नऊच्या नऊ आहेत, वर आणखी दोन. तीनदा लावून पाहिलं. नमुना चारशे बारा. बाई, वय एकसष्ट, रुग्णांना गोळ्या देण्याचं काम करतात. नाव कुलूपबंद आहे. उघडायचं नाही असं तुम्हीच ठरवलंय.”

“नको उघडू,” हेमांगीताई म्हणाल्या.

उघडायची गरजच नव्हती. जत तालुक्यात गोळ्या देणारी, एकसष्ट वर्षांची, त्यांच्या श्वासाच्या अंतरात कधीकाळी बसलेली एकच बाई होती. जयमालावहिनी. गोळ्या देणाऱ्यांच्या यादीत ते नाव त्यांनी कधीतरी पाहिलं होतं.

रेहाना गेल्यावर हेमांगीताईंचं मन एकोणचाळीस वर्षं मागे गेलं.

सोलापूरजवळच्या गावातलं त्यांचं घर. वडील शाळामास्तर. दादाच्या लग्नाला तीन वर्षं झालेली आणि वहिनींच्या मांडीवर दीड वर्षाची राणू. त्या वर्षी हेमांगीने नेम धरला: डॉक्टरकीला प्रवेश मिळावा म्हणून वर्षभर रोज एक अध्याय, एकही दिवस न चुकता. श्रावणात तिला खोकला झाला. आई अडुळशाचा काढा करून द्यायची आणि म्हणायची, हळू वाच, पण खंड पाडू नकोस. देवघर म्हणजे हातभर खोली. तिला एकच खिडकी, नेमकी समईच्या शेजारी. वाऱ्याने ज्योत विझली तर नेमाला गालबोट लागेल, म्हणून आई ती खिडकी घट्ट लावून घ्यायची आणि फटीत जुन्या लुगड्याची चिंधी कोंबायची. समोर पाटावर वहिनी बसायच्या, मांडीवर राणू. राणूला ते वाचन फार आवडे. ओवी संपली की टाळी वाजवायची आणि आत्याच्या तोंडाकडे बघत बसायची.

चार महिने तो खोकला राहिला, मग आपोआप गेला. कधीकधी शरीर एकट्यानेच भिंत बांधून मोकळं होतं.

पौषात राणूला ताप आला. तो डोक्यात गेला आणि आठ दिवसांत ती संपली. मेंदूच्या आवरणाचा क्षय, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. घरातल्या मोठ्यांची तपासणी झाली तेव्हा वहिनींच्या थुंकीत जंतू सापडले. खोकला गेलेल्या हेमांगीला कोणी तपासलंच नाही. वहिनींच्या लग्नाआधी त्यांच्या वडिलांना हा आजार होऊन गेला होता, तो लपवल्याचा बोभाटा झाला. ‘औषधं संपेपर्यंत माहेरी राहा,’ म्हणून दादाने त्यांना जतला पोचवलं. औषधं आठ महिन्यांत संपली. दादा त्यांना आणायला गेला नाही. पुढे त्याने दुसरं लग्न केलं. आता तोही नव्हता, आई-वडीलही नव्हते.

आणि हेमांगीताई? गावोगावी, परिषदांमध्ये, विद्यार्थ्यांपुढे भाषण करताना त्या एकाच वाक्याने सुरुवात करायच्या: “आमच्या घरी क्षय सुनेच्या पावलांनी आला.” लोक एकदम गप्प व्हायचे. तीस वर्षं हे वाक्य त्या उच्चारत होत्या. आपल्या फुफ्फुसातला डाग वहिनींचा, ही त्यांची खात्री होती. तपासून पाहावं असंसुद्धा कधी वाटलं नाही, आणि त्या तर हयातभर तपासण्याच करत आल्या होत्या.

त्या संध्याकाळी त्यांनी समई लावली, पोथी उघडली. तोंड उघडलं, आणि समोरच्या रिकाम्या जागेवर टाळी वाजवायला उचललेले दोन इवले हात दिसले. पोथी मिटून त्यांनी रुमालात बांधली. दुसऱ्या दिवशी समईही लावली नाही.

शुक्रवारी सकाळी त्यांनी समितीला पत्र लिहिलं. मागोव्याच्या अहवालातून शेवटची ओळ कायमची काढावी, त्या ओळीने घरं मोडतात, असा त्याचा आशय होता. तपासायला त्यांनी ते रेहानाकडे दिलं. रेहानांनी दोनदा वाचलं.

“पत्र चांगलंय,” त्या म्हणाल्या. “मुद्दे बरोबर आहेत. एक विचारू?”

“विचार की.”

“हे लिहायचं कधी ठरलं? त्या बाई येऊन गेल्या तेव्हा, की कालच्या दुपारनंतर?”

हेमांगीताईंनी पत्र परत घेतलं. “उद्या गाडी सांग मला,” त्या म्हणाल्या. “जतला जाऊन येते.”

वहिनींचं घर आरोग्य उपकेंद्राच्या मागे होतं. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. हेमांगीताई पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती आणि पडवीत एक म्हातारे गृहस्थ बाकावर ताठ बसले होते. त्यांच्यापुढे पेला धरून एक सडसडीत बाई उभी होती. केस पांढरे, चष्मा नाकावर आलेला.

“गिळली?”

“गिळली म्हन्तो ना बाई.”

“आ करा. जीभ वर. अण्णा, गालात काय ठेवलंय? तंबाखू की गोळी?”

“दोन्ही,” म्हातारा कबूल झाला.

“तंबाखू थुंकून या आणि गोळी गिळा. उलटं करू नका, काल केलंत तसं.”

म्हातारा हसत उठला आणि बाईंची नजर फाटकाशी गेली. त्यांनी चष्मा वर केला. एकोणचाळीस वर्षांनी ओळख पटायला त्यांना क्षणही लागला नाही.

“या, वन्सं,” त्या म्हणाल्या. “चपला बाहेरच राहू द्या, आतली जमीन ओली आहे.”

नणंदेला वन्सं म्हणणारं नातं तुटून कितीतरी काळ लोटला होता. आतल्या खोलीत खाट, पाण्याचा माठ, कोनाड्यात देव आणि एक छोटी समई. वहिनींनी चहा टाकला.

“टीव्हीवर बघते कधी तुम्हाला. वाळलात. जेवता ना वेळेवर?”

“वहिनी, मी एक सांगायला आलेय. आधी विचारते. तुम्ही मागोव्याला रक्त दिलंत. त्यात काय निघालं ते तुम्हाला जाणून घ्यायचंय का? नको म्हणालात तर मी चहा पिऊन जाईन.”

“रक्त दिलं ते कळावं म्हणूनच. आमच्या बाबांचा निघाला ना? आता काय त्याचं.”

“बाबांचा नाही.” हेमांगीताईंनी पिशवीतून आपला अहवाल काढला आणि खाटेवर ठेवला. “माझा निघाला. तो अडुळशाचा खोकला आठवतो? तो क्षय होता. माझ्याकडून तुम्हाला गेला. आणि राणूलाही माझ्याकडूनच गेला असणार. तुम्ही तोवर खोकतही नव्हतात.”

स्टोव्हवर चहा उतू गेला. वहिनींनी तो बंद केला, फडक्याने ओटा पुसला, फडकं धुतलं, पिळलं, दोरीवर टाकलं. सगळं सावकाश. मग येऊन खाली जमिनीवर बसल्या.

“मी रात्री तिला पाजायला घेत नव्हते शेवटी शेवटी,” त्या म्हणाल्या. “ताप आल्यावर. कुणीतरी म्हणालं आईच्या दुधातून जातं. ती रडायची. मी भिंतीकडे तोंड करून बसायचे.”

दुधातून क्षय असा जात नाही, हे वाक्य हेमांगीताईंनी हजार वेळा लोकांना सांगितलं होतं. आत्ता ते तोंडातून निघेना.

“वहिनी, माफी कोणत्या तोंडाने मागू?”

“नका मागू. मी देईन असं मला आत्ता वाटत नाही.” हे त्या रागाने नाही म्हणाल्या, गोळीचा डोस सांगावा तसं म्हणाल्या. “भाषण ऐकलंय मी तुमचं. सांगलीला, आम्हा गोळीवाल्या बायांच्या मेळाव्यात. सुनेच्या पावलांनी. मी मागच्या रांगेत होते. शेजारची म्हणाली, किती खरं बोलतात बाई.”

बाहेर अण्णांनी आवाज दिला, “गिळली बरं का, बाई.” वहिनींनी बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं, “पाणी प्या वर पेलाभर.”

“सोमवारी दिल्लीत बैठक आहे,” हेमांगीताई म्हणाल्या. “मी पत्र लिहिलंय, कोणाकडून आला ती ओळ अहवालातून काढून टाकावी म्हणून. पुन्हा कोणाच्या वाट्याला तुमच्यासारखं यायला नको.”

वहिनींनी मान वर केली.

“माझ्या वेळी कुठे होती ओळ? यंत्र नव्हतं, कागद नव्हता. तरी नाव होतंच की माझं. ओळ काढाल तुम्ही. मग लोक आपल्या मनाने भरतील. मनाने भरायला घरात सून असतेच.”

“पण ओळ ठेवली तरी तेच होतंय. परवा एका मुलीला माहेरी धाडलं.”

“तिच्याकडून गेला होता?”

“हो.”

“मग तिला आधी एकटीला का नाही सांगितलंत? सगळ्या घराच्या हातात कागद दिलात. ज्याचा असेल त्याला आधी बोलवा, समोर बसवा, सांगा. पुढे त्याने आपल्या तोंडाने घरात सांगावं. यंत्राने कशाला चुगली करायची?”

“आणि तो नाही बोलला तर?”

“तर माझ्यासारखी एखादी बसेल एकोणचाळीस वर्षं,” वहिनी म्हणाल्या. “त्याला तुमच्याकडे औषध नाही. पण तुम्ही आलात ना? उशिरा का होईना.”

हेमांगीताईंनी पिशवीतलं पत्र काढलं, मधोमध फाडलं आणि तुकडे पुन्हा पिशवीत ठेवले. सोमवारी समितीपुढे काय मांडायचं ते त्यांना आता दिसत होतं. सगळ्यात आधी नमुना सातचा अहवाल, नावासकट. मग ती ओळ राहू द्यायची, पण ज्याची असेल त्यालाच आधी एकट्याला सांगायची, असं मांडायचं. आणि ते भाषणाचं वाक्य मागे घ्यायचं, जिथे जिथे उच्चारलं तिथे तिथे. समिती ऐकेल की नाही ते सांगता येत नव्हतं. माणसं आपल्या तोंडाने सांगतील की नाही, तेही. पंचावन्न वर्षांच्या, शिकल्यासवरलेल्या बाईला यायला इतकी वर्षं लागली होती, आणि तीही यंत्राने धरून आणली तेव्हा आली होती.

दिवेलागण झाली. वहिनी उठल्या, हातपाय धुऊन आल्या, कोनाड्यातली समई लावली. पिशवीतल्या पोथीच्या रुमालाकडे बघून म्हणाल्या, “अजून वाचता?”

“गुरुवारपासून बंद आहे.”

“का?”

हेमांगीताईंनी रुमाल पिशवीत आणखी खाली सारला.

वहिनींनी खाटेवरचा अहवाल उचलला आणि त्यांच्या हातात दिला. “हा वाचून दाखवा. मघाशी नुसता ठेवलात. पहिल्यापासून, सगळा. मोठ्याने. त्या वेळी मोठ्यानेच वाचत होतात.”

त्या समईसमोर पाटावर बसल्या, मांडी घालून, मांडी मोकळी ठेवून. हेमांगीताई समोर बसल्या. कागद समईच्या उजेडात धरला. त्यांनी श्वास घेतला.

“थांबा,” वहिनी म्हणाल्या. “आधी ती खिडकी उघडा.”

खिडकी कोनाड्याच्या शेजारीच होती. हेमांगीताईंनी उठून कडी काढली. माळावरचा वारा आत शिरला, ज्योत आडवी झाली, आणि सवयीने हेमांगीताईंचा हात तिच्याभोवती आडोसा धरायला गेला.

“राहू द्या,” वहिनी म्हणाल्या. “दिवा आहे तो. विझला तर परत लावता येतो.”

हेमांगीताईंनी हात मागे घेतला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “नमुना क्रमांक सात…”